सुपाआडचा फासा

रविवारी दुपारी आमच्या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, ओसरीवर पाय ठेवायचा, तर दोन गोष्टी बाहेर काढून ठेवाव्या लागत. चपला आणि वर्तमानपत्र. चपलांचं कोणाला काही वाटत नसे. पण पेपर काखेत धरून आलेला माणूस उंबऱ्याशी आला रे आला, की काका आतून ओरडत, "ते तिथीच ठिवा, बाहीर! माह्या सतरंजीवर मढं नाही पाह्यजे."

ती वर्षंच तशी होती. राळेगावच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा कापसाचं सगळंच बिनसलेलं होतं. कधी पाऊस दगा देई, कधी बोंडअळी, आणि दोन्हीतून वाचलं तर भाव. पेपरात रोज पहिल्या पानावर एक चौकट असे आणि चौकटीत गेलेल्या कुठल्या तरी शेतकऱ्याच्या गावाचं नाव. लोक चहाचा घोट घेता घेता ते नाव वाचत, आपलं कोणी त्या गावात आहे का ते मनात चाचपत आणि पान उलटत. काका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. आठवडाभर बैलगाड्यांच्या रांगेत उभं राहून ते हेच ऐकत. रविवारी मात्र त्यांना त्यातला एक शब्दही नको असे. रविवारी त्यांना खेळ हवा असे.

हा खेळ काय आहे, हे मला पहिले काही रविवार कळलंच नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, एवढाच खेळ. "तुमी किल्ल्याच्या दारात उभ्या हायेत, बाई. दार आतून लावलेलं हाय. काय करता?" असं काका विचारत. आपण काय करतो ते सांगायचं. ते साधलं की फसलं, ते फासा ठरवणार.

काकांचा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. एका सुट्टीत तो इंग्रजी नियमांची झेरॉक्सची चळत आणि रंगीत फाशांची पिशवी घेऊन आला आणि जाताना दोन्ही विसरून गेला. काकांनी शब्दकोश मांडीवर घेऊन सबंध उन्हाळा ती चळत वाचली. मग ती पाणी तापवायच्या बंबात घातली. "नुसते नियम न् नियम," ते म्हणाले. "याच्यापरीस भाऊबंदाच्या वाटनीचे कागद बरे." फासे मात्र ठेवले. चार तोंडांचा, आठ तोंडांचा, बारा तोंडांचा, आणि एक हिरवा वीस तोंडांचा. त्या हिरव्यावर काकांचा जीव होता. कोणी विनाकारण हाताळला तर ते तो धोतराच्या सोग्यानं पुसून घेत.

नियम काकांनी स्वतःच केले. प्रत्येक पात्राला तीन गोष्टी: कस, अक्कल आणि जीभ. मागच्या रविवारी पात्र कुठेही थांबलेलं असो, खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. मी एकदा कंटाळून "काही नाही" म्हणाले, तर काकांनी माझ्या पात्राला, शिपाईगड्याला, ऐन लढाईत भोवळ आणून पाडलं. आणि सगळ्यांत मोठा नियम जिभेचा. एखादा माणूस असा काही बोलला की ऐकणाऱ्याला पटलंच, तर फासा टाकायचाच नाही. "जे तोंडानं होते त्याले फासा कायले?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाकी वेळी फासा पडे तो सुपाआड. काकूंचं धान्य पाखडायचं सूप काका तांब्याला टेकवून पुढ्यात उभं करत आणि त्याच्यामागं फासा टाकत. आम्हाला फक्त खडखड ऐकू येई. मग ते वाकून बघत, ओठ आवळत, डाव्या कानाची पाळी ओढत, आणि आमचा जीव टांगणीला लागला की सांगत, "वाचला." कोणी विचारलंच, "काका, पडले किती?" तर उत्तर एकच. "जित्ता हायेस ना? मंग पुढं बोल."

आता गंमत अशी, की हाच माणूस केंद्रावर कोणाला रतीभर सूट देत नसे. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, उन्हाकडे करून बघायचा आणि ग्रेड सांगायचा. तिथं सूप नाही की आडपडदा नाही. सख्ख्या साल्याच्या कापसाला त्यांनी भर रांगेत दुसरा ग्रेड दिला होता, आणि काकूंनी त्या दिवाळीला त्यांना नुसता वरण-भात वाढला होता.

उकंडभाऊ त्यांना या रांगेतच सापडले. उकंडभाऊ म्हणजे तिथून जवळच्या एका गावचे शेतकरी. चाळिशीचे, काटक, बोलायला लागले की बैलसुद्धा कान टवकारतील असे. काकांनी त्यांच्या कापसाला दुसरा ग्रेड दिला तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी त्या कापसाची हकीकत सांगायला सुरुवात केली. बी कुठून आणलं, कोणत्या रात्री रानडुक्कर शिरलं, वेचताना कोणत्या ओळीत बायकोनं काय गाणं म्हटलं. मागच्या गाड्यांवरचे लोक उतरून ऐकायला आले. सगळं ऐकून काका म्हणाले, "ग्रेड काही बदलत नाही, भाऊ. पन जीभ पह्यल्या ग्रेडची हाय. रविवारी घरी या."

तेव्हापासून उकंडभाऊ दर रविवारी पहिल्या एस.टी.नं येत. बाजार करत, दुपारी ओसरीवर बसत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. त्यांचं पात्र होतं झिंगूजी नावाडी. त्याची नाव पुरात वाहून गेली होती आणि हातात नुसतं वल्हं राहिलं होतं. झिंगूजीनं आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. दरोडेखोर आडवे आले की झिंगूजी त्यांना त्यांच्या आजोळचं विचारी. वाघीण आली तर तिच्याशीही बोलायला बसे. आम्ही तलवारी उपसून उभे, आणि हा गृहस्थ वाघिणीला म्हणतोय, "कावून वं, पिल्लं कुठी ठेवून आली?"

चौथे खेळाडू मोजणीवाले. ते भूमापन खात्यात होते, नाशिककडून बदलून आलेले. त्यांच्या शर्टचं वरचं बटणसुद्धा कधी उघडं दिसलं नाही. ते चौकटीच्या कागदावर काकांच्या राज्याचा नकाशा काढत आणि विचारत, "दोर किती हात लांब आहे? विहीर किती खोल?" काका आदल्या रविवारी एक खोली सांगत आणि पुढल्या रविवारी दुसरी. मग मोजणीवाल्यांचा चेहरा बघवत नसे. माझ्याबद्दल काय सांगू? मला दिसेल ते दार आणि दिसेल ती पेटी उघडायचा हव्यास. काका म्हणत, "या बाईच्या हाताले खाज हाय." पण दार उघडून आत काय आहे ते सांगताना त्यांचाच आवाज चढलेला असे.

मोजणीवाल्यांचं खरं दुखणं होतं ते सूप. इतके महिने आम्ही विहिरीत पडलो, आगीतून धावलो, झिंगूजीला तर दोनदा फासावर चढवला, आणि तरी एकही पात्र मेलं नाही. "हे हिशोबात बसत नाही," ते म्हणत. "वीस तोंडांचा फासा आहे. कधी तरी एक पडायलाच हवा." काका नुसती कानाची पाळी ओढत, की मोजणीवाल्यांचा आवाज चढे. "ज्या खेळात मरण नाही, साहेब, त्यात जगण्याला तरी काय अर्थ?"

"अर्थ पाह्यजे तं पेपर वाचा," काका म्हणत. "बाहीर ठिवला हाय तुमीच."

मला, खरं सांगायचं तर, मोजणीवाल्यांचं पटत होतं. काका आम्हाला लहान मुलांसारखं वागवतात, असं वाटे. फासा खोटाच करायचा, तर टाकायचा कशाला?

एका रविवारी मोजणीवाले बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "सूप राहील, नाही तर मी राहीन." काका उकंडभाऊंकडे बघू लागले. उकंडभाऊ हसले. "काढा ना जी सूप. मले काय भेव हाय?" काकू आतून आल्या, सूप उचललं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. माहे तांदूळ कवाचे पाखडायचे राह्यले." आणि दारातच बसून पाखडायला लागल्यासुद्धा.

त्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या विहिरीशी पोचलो होतो. तिथल्या पहारेकऱ्याचं भूत येणाऱ्या प्रत्येकाची वाट अडवी. झिंगूजी पुढे झाला. तो जे बोलला ते मला अजून आठवतं. तो भुताला म्हणाला, "तुह्या बदलीचा माणूस आलाच नाही वाटते. चल, मी बसतो तुह्या जागेवर. तू जाऊन ये घरी." काकूंचा हात थांबला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी फाशाचा प्रश्नच नव्हता.

"फासा," मोजणीवाले म्हणाले. "आज नियम म्हणजे नियम, असं ठरलंय."

काकांनी हिरवा फासा टाकला. तो सतरंजीवरून घरंगळत गेला, मोजणीवाल्यांच्या गुडघ्याला लागला आणि थांबला. सगळे वाकून बघू लागले. मग मोजणीवालेच हळू आवाजात म्हणाले, "एक."

"गेला," काका म्हणाले.

"कसा गेला ते तं सांगा," उकंडभाऊ म्हणाले. काका म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या कुत्र्याची गोष्ट अर्धा तास सांगणारा माणूस, पण त्यांना एक वाक्य सुचलं नाही. ते फासे गोळा करून पिशवीत भरत राहिले. उकंडभाऊंनी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, दुपट्टा खांद्यावर टाकला. "बरं, चालतो जी," म्हणाले आणि गेले.

पुढल्या रविवारी उकंडभाऊ आले नाहीत. वेचणी चालू असेल, असं आम्ही म्हटलं. पण गेल्या वर्षी ऐन वेचणीत, बोटं चिरलेली असताना ते आले होते, हे सगळ्यांनाच आठवत होतं. त्याच्या पुढल्या रविवारीही आले नाहीत. केंद्रावर त्यांची गाडी लागली नव्हती. त्या गावचा कापूस त्या साली व्यापारी थेट घरूनच उचलत होते, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला? गावातला एकुलता फोन सरपंचांकडे, आणि तो नुसता वाजत राही.

सोमवारी मी शाळेतून आले तर काका ओसरीवर बसले होते आणि सतरंजीवर पेपर उघडा होता. त्यांच्याच सतरंजीवर. ते चौकटीवर बोट ठेवून गावाचं नाव वाचत होते, अक्षर अक्षर लावून, पहिलीतल्या पोरासारखे. मंगळवारीही तेच. जेवणात लक्ष नव्हतं. काकू सांगत होत्या, की केंद्रावर एका गाडीवाल्याचा कापूस हातात धरून ते इतका वेळ उभे राहिले, की तो बिचारा म्हणाला, "साहेब, कोनताबी ग्रेड द्या, पन बोला."

ज्याची भीती वाटत होती तो शब्द कोणीच उच्चारला नाही. शेवटी शनिवारी काकूच कडाडल्या. "घरात बसून फासे कायले चोळून राह्यले? जाऊन या न एकडाव. जे असन ते असन."

रविवारी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो तर मोजणीवाले आधीच येऊन उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. शर्टचं वरचं बटण उघडं होतं. काकांच्या बगलेत सूप होतं. "हे कशाला?" मी विचारलं. "कोनाले मालूम," ते म्हणाले. "हाती आलं न् निघालो." एस.टी.त आम्ही तिघं एका बाकावर बसलो. मध्येच मोजणीवाले खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्या गुडघ्याला लागला नसता, तर कदाचित पुढे सरकला असता." काका सुपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

फाट्यावरून गावापर्यंत दोन्हीकडे पराटी उभी होती, कापूस फुटलेला. उकंडभाऊंचं घर गावाच्या टोकाला होतं. हातपंपापाशी आलो आणि तिघंही थांबलो.

अंगणात माणसं बसली होती. दहा-पंधरा तरी असतील, जमिनीवर, गोल करून, माना खाली घातलेली. कोणी बोलत नव्हतं. फाटकाशी चपलांचा ढीग. दारात एक बाई पदर तोंडाला लावून उभी.

त्या वर्षांत अशा अंगणाचा एकच अर्थ होता. आमच्या भागातल्या कोणालाही तो सांगावा लागत नसे. काका हातपंपाच्या ओट्यावर बसले. सूप त्यांच्या मांडीवर आडवं पडलं. "बाई, तुमी पाहून या," ते म्हणाले. "माह्यानं नाही होत."

मी गेले. फाटकापाशी पोचले आणि आतून कोणी तरी वैतागून ओरडलं, "मेला का वाचला, सांग ना बे लवकर!"

"थांब जरा," उकंडभाऊंचा आवाज आला. "कान तं वढू दे."

मी फाटकाचा खांब धरला. बघते तर गोलाच्या मधोमध उकंडभाऊ मांडी घालून बसलेले, पुढ्यात तांब्याला टेकवलेलं सूप, आणि हात डाव्या कानाच्या पाळीवर. "वाचला!" ते म्हणाले आणि सगळं अंगण ओरडलं. पदराआडची ती बाईसुद्धा, म्हणजे त्यांची बायको, हसू दाबत उभी होती, ती खळखळून हसली. चपलांच्या ढिगाशेजारी दगडाखाली दाबून ठेवलेला पेपर मला तेव्हा दिसला. मला हसू यायला लागलं आणि त्या हसण्यात रडू कधी मिसळलं ते समजलं नाही. मी मागे वळून काकांना नुसता हात केला.

काका आले ते तरातरा. चपलांसकट आत शिरले. "दोन रविवार!" ते ओरडले. "दोन रविवार पत्ता नाही माणसाचा! निरोप नाही, काही नाही! इथी माह्या जीवाले..." आणि बगलेतलं सूप त्यांनी अंगणात आपटलं.

उकंडभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मोजणीवाल्यांच्या उघड्या बटणाकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "अरे बाप्पा," ते म्हणाले. "कास्तकार दोन हप्ते दिसला नाही, तं त्याले सरळ वरच धाडता काय जी तुमी?"

अंगणात हशा पिकला. एक म्हातारबुवा तर हसता हसता ठसक्यानं लाल झाले. मग उकंडभाऊ जरा नरमाईनं म्हणाले, "झिंगूजी गेला तं वाईट वाटलं, साहेब. खोटं कायले बोलू? दोन दिवस भाकर गोड लागली नाही. मंग या साऱ्यायले त्याची गोष्ट सांगाले गेलो. हे म्हनत, अजून सांग, अजून सांग. तं म्हटलं, आपनबी सूप उभं करून पाहावं. रविवारीच सारे मोकळे राह्यते, म्हून येनं झालं नाही. चपला काढा जी बाहीर."

काकांनी निमूट चपला काढल्या. उकंडभाऊंनी सरकून जागा केली. "बसा. कोन होनार तुमी?"

मला आधी कळलंच नाही की हा प्रश्न काकांना आहे. काकांनाही कळलं नसावं. इतके दिवस ते गोष्ट सांगत होते, गोष्टीत कधी शिरलेच नव्हते. ते ओठ आवळून विचार करत बसले. मग म्हणाले, "नावाड्याचा भाऊ."

तिथं रंगीत फासे कुठले? एका अंगानं घासून पांढरे केलेले चार चिंचोके होते. चारही काळे पडले तर मरण. मोजणीवाले लगेच पुटपुटले, "सोळात एक. जरा जास्तच आहे." खेळाडू म्हणून काका काय भयंकर निघाले! सकाळी काय खाल्लं, ते सांगायलाच इतका वेळ लावला, की म्हातारबुवा म्हणाले, "अरे, जेवन झालं असन तं हात धू न आता." दोर बघितल्याशिवाय पाऊल टाकत नव्हते. विहीर किती खोल, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं विचारलं, आणि मोजणीवाल्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की सांगायची सोय नाही. शेवटी त्याच विहिरीशी त्याच भुतापुढे ते उभे राहिले, आणि ऐन वेळी त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. "मी... माह्या भावाले न्यायले आलो," एवढंच म्हणाले.

"एवढ्यानं नाही होत, साहेब," उकंडभाऊ म्हणाले. "टाकाच लागन."

चिंचोके सुपाआड पडले. मोजणीवाले उकंडभाऊंच्या अगदी बाजूला बसले होते. सुपामागचं त्यांना स्पष्ट दिसत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते वाकून बघत राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि मग त्यांनी शर्टचं वरचं बटण लावलं.

उकंडभाऊंनी कानाची पाळी ओढली. "वाचला."

काकांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. पण लगेच पुढे सरकून त्यांनी विचारलं, "खरंच? पडले कसे?" उत्तर मिळालं नाही तसे मोजणीवाल्यांकडे वळले. या माणसानं जन्मात एक आकडा चुकीचा सांगितला नव्हता. "साहेब, तुमाले दिसलं. किती काळे?"

मोजणीवाल्यांनी चिंचोके मुठीत गोळा केले आणि उकंडभाऊंच्या हातात देऊन टाकले. "मी सुपाच्या आड बघत नाही," ते म्हणाले.

काका आळीपाळीनं दोघांकडे बघू लागले. दारातून उकंडभाऊंच्या बायकोनं चहाची थाळी पुढे केली. उकंडभाऊंनी पहिला कप उचलून काकांच्या हातात दिला, आणि त्यांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "जित्ते हायेत ना? मंग पुढं बोला."